परड्यातील सहा टोमॅटोची झाडे



आपल्या भागातल्या घरांची एक रीत आम्ही पुष्कळ दिवसांपासून पाहत आहोत. शिवारात ऊस उभा असतो, खानापुराकडे भात असते, निपाणीकडे तंबाखू असते. पण आठवड्याच्या बाजारातून घरी येणाऱ्या पिशवीत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर हे सारे विकतचे असते. मागच्या दारी विहीर आहे, गोठ्यात शेण आहे, उन्हात दोन हात जागा मोकळी पडली आहे, आणि तरी भाजीला पैसे मोजावे लागतात. जो पिकवतो त्याच्याच ताटात घरचे पिकलेले नसावे, हे बरे नव्हे.

म्हणून या वेळी आम्ही टोमॅटोचा धडा घेतला आहे. एकरभर टोमॅटो लावून बाजार गाठणाऱ्यांसाठी हा लेख नाही. पाच माणसांच्या घराला पुरतील अशी सहा झाडे परड्यात कशी वाढवावीत, त्यात आनंद कोणता, अडचणी कोणत्या आणि आरोग्याला लाभ काय, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

सहाच झाडे का? नीट जोपासलेले एक झाड हंगामात दोन-तीन किलो फळ देते. सहा झाडांचे बारा ते अठरा किलो होतात, आणि तेही एकदम नव्हे तर दीड-दोन महिने थोडे थोडे. घराला तेवढे पुरते. हौसेने तीस झाडे लावली तर दुसऱ्या महिन्यात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. सहा झाडांकडे सकाळी पाच मिनिटे पाहणे कोणालाही जमते.

बाजाराचा भरवसा किती धरावा, हे २०२३ सालाने सर्वांना शिकवले. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत टोमॅटोचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला. गरिबाच्या आमटीतून टोमॅटो नाहीसा झाला. पुढे सप्टेंबरात माल वाढला, भाव कोसळले आणि पिकवणाऱ्याच्या हाती तोडणीची मजुरीही येईना. घेणाराही रडला आणि देणाराही रडला. परड्यातल्या झाडाला मात्र बाजारभाव ठाऊक नसतो.

हे झाड आले कोठून?

टोमॅटो आपल्याकडचा नाही. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगवतात. मेक्सिकोतील लोकांनी त्याची शेती केली आणि त्यांच्याच भाषेतल्या ‘टोमाट्ल’ या शब्दावरून आजचे नाव आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. इटलीत त्याला ‘सोन्याचे सफरचंद’ अशा अर्थाचे नाव मिळाले. यावरून तिकडे प्रथम गेलेली फळे पिवळी असावीत असे म्हणतात. मिरची, काजू यांप्रमाणे टोमॅटोही पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला असे मानले जाते. विदर्भात काही ठिकाणी त्याला अजून ‘भेदरे’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा आणि तंबाखू ही सारी एकाच कुळातली झाडे आहेत. कुळ एक, म्हणून त्यांची दुखणीही बरीचशी एक.

केव्हा लावावे?

टोमॅटोला फार थंडी नको, फार ऊन नको आणि पानांवर सतत पडणारा पाऊस तर मुळीच नको. दिवसा पंचवीस ते तीस अंश आणि रात्री पंधरा ते वीस अंश उष्णता असली की फुले धरतात. दिवसाचे ऊन पस्तीस अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकडू लागले म्हणजे फुले गळतात. एप्रिल-मे महिन्यांत झाड हिरवेगार असूनही फळ धरत नाही, ते यामुळे. त्यात खताचा दोष नसतो.

बेळगाव भागासाठी सर्वांत सोपा हंगाम पाऊस ओसरतानाचा आहे. आपल्या सणांवरून तो लक्षात ठेवणे सोपे जाते. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाला, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास, बी टाकावे. रोपे पंचवीस ते तीस दिवसांत तयार होतात. तेव्हा जपमाळेच्या सणाला, ७ ऑक्टोबरच्या आसपास, लावण करावी. लावणीपासून साठ-सत्तर दिवसांनी पहिले फळ पिकते. म्हणजे नाताळच्या जेवणात घरचा टोमॅटो येतो आणि जानेवारी अखेरपर्यंत येत राहतो.

बी कोणते घ्यावे?

बियाणे दोन प्रकारचे मिळते. एक सुधारित वाणाचे, दुसरे संकरित. सुधारित वाणाचे बी एकदा आणले की पुढे घरीच राखता येते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा रुबी’, राहुरी कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’, बेंगळुरूजवळच्या बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का विकास’ हे असे वाण आहेत. संकरित वाण उत्पन्न अधिक देतात. परंतु त्यांच्या फळातले बी पेरले तर पुढची झाडे आईबापांसारखी निघत नाहीत. ते बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. त्याच बेंगळुरूच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देणारा आहे. ज्यांच्या परड्यात दर वर्षी झाडे मरतात त्यांनी तो जरूर पाहावा.

रोप तयार करणे

सप्टेंबरात अजून सरी येतात, म्हणून वाफा उघड्यावर करू नये. लाकडी खोके किंवा बुडाला भोके पाडलेला पसरट डबा घ्यावा. चाळलेली माती, कुजलेले शेणखत आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून भरावी. दोन बोटे अंतरावर उथळ रेघा ओढून बी विरळ टाकावे, वर बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकी माती घालावी आणि झारीने पाणी द्यावे. बी पाच ते आठ दिवसांत उगवते. खोके ओसरीच्या कडेला, पावसापासून आडोशाला पण उन्हात ठेवावे. उजेड कमी पडला तर रोपे लांबुळकी व नाजूक होतात आणि लावल्यावर मान टाकतात.

उगवल्यापासून लावणीपर्यंत खोक्यावर बारीक जाळीचे नायलॉनचे कापड ताणून बांधावे. पांढरी माशी रोपाच्या लहानपणीच पर्णगुच्छ रोग देऊन जाते, आणि लहानपणी लागलेला हा रोग झाडाला शेवटपर्यंत सोडत नाही. चार काड्या आणि वार-दीड वार जाळी एवढ्या खर्चात अर्धे संकट टळते.

याच्याही आधी एक काम करून ठेवावे. १५ ऑगस्टच्या आठवड्यात झेंडूचे बी टाकावे. टोमॅटोची लावण होईल तेव्हा झेंडू कळ्यांवर आलेला असेल. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

जागा, माती आणि लावण

सहा तास तरी थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. नारळीच्या किंवा फणसाच्या सावलीत टोमॅटो लावू नये. गेल्या तीन वर्षांत जेथे वांगी, मिरची, बटाटा वा तंबाखू होती ती जागा टाळावी. कारण वर सांगितलेच, कुळ एक आहे.

दोन-दोन फुटांवर फूटभर खोल खड्डे घ्यावेत. प्रत्येकात दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर राख मातीत मिसळून भरावी. पश्चिमेकडील तांबड्या, आंबट मातीत लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी थोडा चुना मिसळणे हिताचे. पूर्वेकडच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत झाड उंच वरंब्यावर लावावे. युरिया घालण्याची घाई नको. त्याने झाड हात-हात वाढते, पाने काळीभोर होतात आणि फळ मात्र दिसत नाही.

ज्यांना परडे नाही, शहरात भाड्याच्या घरात जे राहतात, त्यांनी पंधरा किलोचा रिकामा तेलाचा डबा घ्यावा. बुडाला पाच-सहा भोके पाडून तळाशी खापऱ्या घालाव्यात. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असे मिश्रण भरून एका डब्यात एकच झाड लावावे. लोभाने दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात.

लावण सायंकाळी करावी. रोप खोल लावावे, खालची दोन पाने काढून देठाचा तेवढा भाग मातीत जाऊ द्यावा. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळे फुटतात आणि झाडाचा पाया भक्कम होतो. वांग्या-मिरचीला असे करू नये.

रोपाजवळ त्याच दिवशी चार-पाच फुटी बांबू रोवावा. झाड मोठे झाल्यावर रोवला तर मुळे दुखावतात. सुतळी आधी बांबूला आवळून मग झाडाभोवती सैल घ्यावी, म्हणजे देठ कापला जात नाही. उंच वाढणाऱ्या जातीत पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारे कोवळे फुटवे सकाळी हाताने खुडावेत. बुटक्या, झुडपासारख्या जातीत खुडू नयेत; तिचे फळ त्याच फांद्यांवर येते.

पाणी नियमाने, पाचट भरपूर

टोमॅटोला पाणी किती द्यावे यापेक्षा ते नियमाने द्यावे हे महत्त्वाचे. आठ दिवस विसरायचे आणि नवव्या दिवशी दोन घागरी ओतायच्या, याने फळे तडकतात. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही बहुधा यामुळेच. तो डाग रोगजंतूंचा नव्हे. मातीतला चुनखडीचा अंश पाण्याबरोबरच फळापर्यंत जातो. पाणी खंडले की तो पोचत नाही आणि फळाचे टोक मरते. त्यावर फवारणी करणे व्यर्थ आहे. पाणी नियमाने द्यावे, पुढची फळे चांगली येतात.

पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. पानांवर ओतू नये. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. आपल्याकडे उसाचे पाचट जाळून टाकतात. त्यातले दोन-तीन भारे आणून झाडांच्या बुंध्याशी चार बोटे जाड पसरावे. ओल टिकते, तण दबते आणि पावसाच्या थेंबांनी माती पानांवर उडत नाही. पुष्कळसे रोग त्या उडालेल्या मातीतूनच चढतात.

फुले आल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बांबूला हलकेच टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःला फळवते; त्याला फक्त हलणे लागते. वारा आणि भुंगे हे काम करतातच, पण आडोशाच्या जागी आपली टिचकी उपयोगी पडते. हे काम मुलांकडे द्यावे. त्यांना ते फार आवडते.

अडचणी आणि त्यांवरील उपाय

१. तंबाखूचा हात. पाने हिरवी-पिवळी ठिपकेदार होतात, आखडतात, झाड खुरटते. हा तंबाखूवरचाच विषाणू. शास्त्रज्ञांनी सर्वांत प्रथम ओळखलेला विषाणू तो हाच; हॉलंडमधील बायेरिंक यांनी १८९८ साली त्याला ‘व्हायरस’ हे नाव लावले. तो वाळलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षे जिवंत राहतो. तंबाखूच्या वखारीत काम करून आलेले, विडी ओढलेले, तंबाखू मळलेले हात तसेच रोपांना लावले तर रोग लागू शकतो. हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच रोपांना हात लावावा. रोपे उपटताना दूध-पाण्यात बोटे बुडवून काम करण्याची रीत आहे, तीही उपयोगी आहे; दुधाने विषाणूचा जोर मोडतो. रोगट झाड काढून जाळावे. तंबाखू सोडण्याला आणखी एक कारण हवे असेल तर ते हे घ्यावे.

२. पर्णगुच्छ. पाने वर वळून वाटीसारखी होतात, शेंडा बारीक पानांचा गुच्छ बनतो. पांढरी माशी हा रोग नेते. यावर औषध नाही. झाड दिसताक्षणी उपटावे. माशीसाठी पिवळ्या रंगाच्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून तो झाडाच्या उंचीवर टांगावा, माशा चिकटतात.

३. मर. काल टवटवीत असलेले झाड आज दुपारी हिरवेच्या हिरवे मान टाकते. खानापूर, गोवा या बाजूच्या तांबड्या मातीत हे फार. ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. बुंध्याचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. थोड्या वेळात त्यातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरू लागली, तर तो जिवाणूंचा मर रोग समजावा. झाड मुळासकट काढावे आणि त्या जागी तीन वर्षे या कुळातले काही लावू नये. मका, कांदा वा पालेभाजी लावावी. पुढच्या वर्षी टोमॅटो डब्यात, नव्या मातीत लावावा, किंवा ‘अर्का आलोक’, ‘अर्का आभा’ यांसारखे मर सहन करणारे वाण आणावेत.

४. करपा. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या पानांवर तपकिरी वर्तुळे दिसतात, एकात एक काढल्यासारखी. अशी पाने तोडून जाळावीत. उशिरा येणारा करपा अधिक घातकी; थंड, ढगाळ, दमट दिवसांत तो दोन-चार दिवसांत झाड काळे करतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवणारा रोग हाच. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

या रोगावर बोर्डो मिश्रण कामी येते. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात वाटेवरची द्राक्षे कोणी चोरू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्या हे मिलार्डे यांनी पाहिले आणि १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. घरासाठी प्रमाण असे: अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्धा लिटरात १० ग्रॅम कळीचा चुना. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतून ढवळावे. मग स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याचे पाणी घालावे. गाळून त्याच दिवशी फवारावे. फवारल्यावर आठवडाभर फळ तोडू नये आणि तोडल्यावर चांगले धुवावे.

५. फळ पोखरणारी अळी. हिचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालणे अधिक पसंत करतो. येथे आपला आधी लावलेला झेंडू कामाला येतो. सहा झाडांभोवती चार-पाच झेंडू पुरेत. झेंडूच्या कळ्या रोज पाहून अळ्या वेचाव्यात. दसरा-दिवाळीला शेजाऱ्यांना फुले देता येतील ती वेगळीच. २०१४ साली महाराष्ट्र व कर्नाटकात आढळलेली आणखी एक बारीक अळी पानांच्या आत शिरून पांढरे चट्टे पाडते. तशी पाने दिसताच खुडून जाळावीत.

दोन्हींसाठी निंबोळी अर्क चांगला. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, चिमूटभर साबण विरघळवून सायंकाळी फवारावा. दर आठ-दहा दिवसांनी.

उरलेल्या औषधाविषयी

आता सर्वांत महत्त्वाचे. ऊस, तंबाखू वा कापसावर मारून पंपाच्या तळाशी थोडे औषध उरते. ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून घरी आल्यावर ते परड्यातल्या टोमॅटोवर मारले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचे पिकले फळ लहान मूल तोडून तसेच खाते. बंधूंनो, ही काटकसर नव्हे.

औषधाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकासाठी आहे आणि मारल्यावर किती दिवस तोडणी करू नये हे छापलेले असते. ज्यावर टोमॅटोचे नाव नाही ते टोमॅटोवर मारू नये. मोनोक्रोटोफॉस या औषधाला भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच सरकारने बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. जे औषध उघड्या शेतात मोठ्या माणसाचा जीव घेते, ते स्वयंपाकघराच्या दारात आणावे काय?

आणखी एक. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात झाड लावू नये, त्याने पाणी घालू नये, त्यात धान्य वा तेल ठेवू नये. डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. कोणाला विषबाधा झाली असे वाटल्यास अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे, ओकारी काढण्याचा किंवा दूध-तूप पाजण्याचा प्रयत्न करू नये, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. बाटलीवरचे नाव वाचूनच डॉक्टरांना उपाय ठरवता येतो.

घरच्या सहा झाडांना या बाटल्यांची गरजच नाही. एकरभर पिकात अळ्या वेचणे होत नाही. सहा झाडांवर ते चहा उकळेपर्यंत होते. घरी पिकवण्याचा खरा फायदा पैशांचा नसून हाच आहे: आपण काय खातो ते आपल्याला ठाऊक असते.

ताटातला टोमॅटो

टोमॅटोत शंभर भागांत चौऱ्याण्णव भाग पाणीच असते, तरी उरलेल्या सहा भागांत पुष्कळ काही आहे. त्यातले क जीवनसत्त्व भाकरी, कडधान्ये व पालेभाज्या यांतले लोह अंगी लागण्यास मदत करते. ही गोष्ट आपल्या आयाबहिणींच्या फार कामाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. मटकीची उसळ, माठाची भाजी किंवा नाचणीची भाकरी यांबरोबर कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी. जेवणावर लगेच चहा पिऊ नये. चहा लोह अडवतो. तासभर थांबावे. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या चालू ठेवाव्यात. टोमॅटो गोळीची जागा घेत नाही.

टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या द्रव्यास लायकोपिन म्हणतात. ते शिजवल्याने आणि थोड्या तेलाबरोबर अंगी अधिक लागते. क जीवनसत्त्व मात्र शिजवल्याने घटते. म्हणून काही कच्चा खावा, काही शिजवून खावा. घरोघरी होणारे टोमॅटोचे सार, वर लसणाची फोडणी, हे या दृष्टीने उत्तम अन्न आहे. बाजारच्या बाटलीतल्या सॉसमध्ये साखर व मीठ फार. मुलांना त्याची सवय लावू नये.

टोमॅटो खाल्ल्याने मूतखडा होतोच, अशी एक समजूत आहे. खड्याशी ज्याचा संबंध लावतात ते ऑक्झलेट टोमॅटोत पालकाच्या मानाने फारच कमी असते. खड्याला बळ देते ते कमी पाणी पिणे. मात्र ज्यांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करण्यास सांगितले आहे त्यांनी विचारूनच खावा. ज्यांना आंबट पित्ताचा त्रास आहे त्यांनी रात्री टाळावा. झाडाची पाने व देठ खाऊ नयेत, ते विषारी असतात. टोमॅटोची आंबट भाजी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नये.

फळ झाडावर पूर्ण लाल होऊ द्यावे असे काही नाही. बुडाशी लाली दिसली की तोडून घरात सावलीत ठेवावे. ते नीट पिकते आणि पक्ष्यांपासून वाचते. पिकायला ऊन लागत नाही. उलट उन्हाळ्यातल्या कडक उन्हात फळ लाल न होता पिवळेच राहते. जास्त झालेल्या फळांच्या चकत्या मीठ लावून, पातळ फडक्याखाली कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. पावसाळ्यात भाव चढतील तेव्हा त्या आमटीत उपयोगी पडतात.

पुढच्या वर्षीचे बी

सुधारित वाण असेल तर सर्वांत निरोगी झाडाचे, दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीचे, पूर्ण पिकलेले फळ बियांसाठी राखावे. पहिले सुंदर फळ खायला आणि उरलेसुरले बियांना, असे करू नये. गर व बी वाटीत काढून एक-दोन दिवस झाकून ठेवावे. ते आंबते आणि बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, तळाशी बसलेले बी सावलीत पसरून वाळवावे. राखेत मिसळून बाटलीत ठेवावे आणि वर वाणाचे नाव व साल लिहावे. असे बी तीन-चार वर्षे उगवते. एका फळातून शंभराहून अधिक बिया निघतात. त्यातल्या सहा आपल्याला पुरेत. बाकीच्या शेजारच्या सहा घरांना द्याव्यात.

घरी व महिला मंडळात विचार करण्यासाठी

१. गेल्या महिन्यात आपल्या घरी भाजीवर किती खर्च झाला? त्यातली कोणती भाजी परड्यात होऊ शकली असती?

२. आपल्या परड्यात सहा तास ऊन पडणारी जागा कोणती? गेल्या तीन वर्षांत तेथे काय होते?

३. घरात फवारणीची औषधे कोठे ठेवली आहेत? मुलांचा हात तेथे पोचतो काय? ती कुलपात आजच ठेवता येतील काय?

४. घरातील किती स्त्रिया व मुलींनी गेल्या वर्षभरात रक्त तपासून घेतले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास पावसाची किंवा हंगामाची वाट पाहावी लागत नाही. ते काम आज सायंकाळी दिवे लागण्यापूर्वी करावे. बियाण्याचे पाकीट त्यानंतर आणावे.